१९९५ : काँग्रेसची मतं वाढली, मग सत्ता गेली कशी?

धागाकर्ता : तिसरी_घंटा

अभ्यास मंडळात 'महाराष्ट्रातली काँग्रेसची सत्ता कशी संपली' यावर टिपण मांडायचं आहे. नेहमीची कारणं माहीत आहेत: मुंबईची दंगल, बॉम्बस्फोट, पालिका उपायुक्त खैरनारांचे आरोप, गोपीनाथ मुंड्यांची संघर्ष यात्रा, एन्रॉन वीजप्रकल्पाचा वाद, गोवारी हत्याकांड. पण निवडणूक आयोगाचे आकडे काढून बसलो आणि अडकलो.

१९९० : काँग्रेस १४१ जागा, ३८.१७ टक्के. शिवसेना ५२, भाजप ४२. दोघांची मिळून २६.६५ टक्के.
१९९५ : काँग्रेस ८० जागा, ३१ टक्के. सेना ७३, भाजप ६५. दोघांची मिळून २९.१९ टक्के.

म्हणजे युतीला काँग्रेसपेक्षा कमी मतं, तरी जागा ५८ ने जास्त. युतीचा टक्का वाढला अवघा अडीच. त्याहून चक्रावणारं म्हणजे काँग्रेसची प्रत्यक्ष मतं १ कोटी १३ लाखांवरून १ कोटी १९ लाखांवर गेली. घटली नाहीत, वाढली! मग 'लाट' होती म्हणायचं की नाही?

प्रश्न तीन:
१. हा हिशेब नेमका जुळवायचा कसा?
२. अपक्षांचा वाटा २३.६३ टक्के दिसतो. ही सगळी काँग्रेसचीच मतं समजायची का?
३. सत्ता 'संपली' ती १९९५ ला की १९७८ ला? मंडळात यावरून वाद ठरलेला आहे.

कारणांची यादी नको, ती आहे. हिशेब आणि यंत्रणा कशी चालली ते हवं आहे.

---

हिशेबनीस

टक्केवारी बाजूला ठेवा, आधी लाखांत मांडा. या निवडणुकीत टक्केवारीच फसवते, कारण खालचा छेद (एकूण मतं) बदलला आहे. १९९० ला मतदान ६२ टक्क्यांच्या आसपास होतं, १९९५ ला जवळपास ७२. वैध मतं २९७ लाखांवरून ३८५ लाखांवर गेली. म्हणजे पाच वर्षांत ८८ लाखांची भर. आता ही भर कुठे गेली ते बघा (आकडे लाखांत):

काँग्रेस : ११३ → ११९ (+६)
शिवसेना : ४७ → ६३ (+१६)
भाजप : ३२ → ४९ (+१७)
अपक्ष : ४० → ९१ (+५१)
जनता दल : ३८ → २३ (−१५)

उरलेली समाजवादी पक्ष, भारिप (प्रकाश आंबेडकरांचा रिपब्लिकन गट) वगैरेंत विखुरली.

यावरून दोन गोष्टी दिसतात. काँग्रेस आकसली नाही, ती जागच्या जागी उभी राहिली आणि आजूबाजूची गर्दी वाढली. आणि निव्वळ वाढीचा निम्म्याहून मोठा हिस्सा कुठल्याच पक्षाकडे गेला नाही, तो अपक्षांकडे गेला. ही निव्वळ बेरीज-वजाबाकी आहे बरं का. 'नवे मतदार अपक्षांकडे गेले' असं यातून म्हणता येत नाही. जुना काँग्रेसवाला अपक्षाकडे आणि नवा मतदार काँग्रेसकडे असंही झालं असेल. आकडा दोन्ही गोष्टींत तोच येतो.

दुसरं कोष्टक 'एका जागेला किती मतं मोजावी लागली' याचं करा. एकूण मतं भागिले जागा. टिपणात हेच मांडा, लोकांना लगेच कळतं.

१९९० : काँग्रेस ८० हजार, युती ८४ हजार.
१९९५ : काँग्रेस १ लाख ४९ हजार, युती साडेएक्याऐंशी हजार. अपक्षांना तर एका जागेमागे दोन लाखांवर.

युतीचा भाव जवळपास तोच राहिला. काँग्रेसचा भाव दुपटीजवळ गेला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत आहे: काँग्रेसची मतं चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या प्रमाणात पडली. थोड्या फरकाने हरलेल्या जागा खूप झाल्या.

आता हे होतं कसं? १९९५ ला मतदारसंघामागे सरासरी १ लाख ३४ हजार वैध मतं होती. एक काल्पनिक मतदारसंघ घ्या:

युती ४५,०००
काँग्रेस ३८,०००
अपक्ष (काँग्रेसचा बंडखोर) २९,०००
इतर २२,०००

युती साडेतेहेतीस टक्क्यांत निवडून आली. सरळ लढतीत एवढ्या मतांवर दारुण पराभव असतो. चौरंगी लढतीत गुलाल.

---

खवचट_काका

वरच्या हिशेबाबद्दल तक्रार नाही, पण 'अडीच टक्केच वाढले, म्हणजे युतीचं कर्तृत्व काही नाही' या बाजूला धागा घसरेल म्हणून आधीच बांध घालतो. युतीची मतं ७९ लाखांवरून ११२ लाखांवर गेली. ४२ टक्के वाढ. छेद फुगलेला असताना टक्का टिकवून वर अडीच चढवणं ही हवेतली गोष्ट नाही.

शिवाय जनता दलाकडे बघा. १९९० ला २४ जागा आणि पावणेतेरा टक्के. १९९५ ला ११ जागा आणि सहा टक्क्यांच्या आत. शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) ८ वरून ६. काँग्रेसविरोधी मतांची जी जुनी पेठ होती (समाजवादी, शेकाप, जनता परिवार) ती ओस पडली आणि मराठवाडा-विदर्भात ते गिऱ्हाईक युतीच्या दुकानात आलं. मराठवाड्यात सेना काही १९९५ ला उगवली नाही. १९८८ च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीपासून ती गावोगाव शाखा लावत होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला विरोध करून तिने आपली बाजूही स्पष्ट केली होती, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाल्यावर ती धार बोथट न होता वाढली. भाजपकडे 'माधव' सूत्र होतं : माळी, धनगर, वंजारी. मुंडे हे त्याचं बोलकं रूप.

मुंबईचा तर प्रश्नच वेगळा. तिथे बंडखोर-बिंडखोर काही नाही. युतीने शहरातल्या बहुतेक सगळ्या जागा उचलल्या. बाबरीनंतर मुस्लिम मतदार काँग्रेसवर चिडलेला होता, आणि समाजवादी पक्षाला राज्यात ३ जागा मिळाल्या त्या उगाच नाहीत.

म्हणून एकच स्पष्टीकरण अख्ख्या राज्याला लावू नका. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस काँग्रेसकडून हरली. मराठवाड्यात आणि मुंबईत ती युतीकडून हरली. विदर्भात दोन्ही, शिवाय २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात ११४ गोवारी चेंगरून मेले, त्यानंतर अडीच महिन्यांत मतदान होतं.

---

गटऑफिस

काकांशी सहमत. पश्चिम महाराष्ट्रापुरतं 'बंडखोर निवडून कसा येतो' हे सांगतो, कारण इतर राज्यांत बंडखोर उभे राहतात आणि पडतात. इथे ४५ अपक्ष निवडून आले. सगळे बंडखोर नव्हते, पण बरेच होते. फरक यंत्रणेचा आहे.

पक्षाने तिकीट नाकारलं की सामान्य उमेदवाराकडे काय उरतं? काही नाही. पण साखर कारखान्याच्या अध्यक्षाकडे काय उरतं ते मोजा:

कारखान्याचा शेतकी विभाग. गावोगाव गट ऑफिस, तिथे चिटबॉय. कुणाच्या किती एकरात कुठल्या जातीचा ऊस, लागण कधीची, तोड कधी येणार, हे त्याला पाठ. म्हणजे सभासदांची घरवार यादी आयती. बूथ कमिटी वेगळी बनवायला नको.

खाली विकास सोसायट्या. पीककर्ज सोसायटीतून, सोसायटीला पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेतून, वसुली बरेचदा कारखान्याच्या ऊसबिलातून परस्पर. या साखळीत सोसायटीचा चेअरमन आणि गटसचिव बसलेले.

बाजूला दूध संघ, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती, शिक्षण संस्था. मास्तर आणि प्राध्यापक धरून.

यातलं काहीही पक्षाच्या मालकीचं नाही. काँग्रेसची तालुका कमिटी म्हणजे बहुतेक ठिकाणी एक पाटी आणि एक खोली. खरी संघटना सहकारात, आणि ती नेत्याच्या नावावर. तिकीट गेलं तर पंजा जातो, गाडी-घोडे जात नाहीत. फेब्रुवारीत मतदान म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात, तोडणीचा कार्यक्रम हातात. यापेक्षा सोयीचा महिना नाही.

मग प्रश्न असा की हे आधी का झालं नाही? बंडखोरी आधीही होती, पण पक्ष नाराजांची सोय लावत असे. तालुक्यात आमदारकी एक आणि दावेदार तीन, तर एकाला विधानसभा, दुसऱ्याला जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद, तिसऱ्याला महामंडळ किंवा विधान परिषद. जिल्हा परिषदा १९६२ ला सुरू झाल्या तेव्हापासून त्या याच कामाला आल्या : सत्तेची दुसरी पंगत. नव्वदच्या दशकात ही पंगत अपुरी पडली. दावेदारांची दुसरी पिढी आली, कारखाने वाढले तसे अध्यक्ष वाढले, आणि ७३व्या घटनादुरुस्तीने जिल्हा परिषदेच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. आरक्षण योग्यच होतं, पण प्रस्थापित पुरुषांच्या खुर्च्या तेवढ्या कमी झाल्या हे गणित आहेच. विधानसभेच्या जागा मात्र १९७८ पासून २८८ च.

त्यात वर दोन सत्ताकेंद्रं. जून १९९१ ते मार्च १९९३ सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री, मग शरद पवार दिल्लीहून परत. तिकीटवाटपात दोन्ही बाजू. 'अमक्याने तमक्याचे उमेदवार पाडायला अपक्षांना रसद पुरवली' या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. टिपणात घालू नका. पुरावा दाखवता येत नाही आणि गरजही नाही. वरच्या यंत्रणेत कुणी रसद पुरवली नसती तरी निम्मे बंडखोर उभे राहिलेच असते.

---

पोटनियम

कायद्याची बाजू कुणी घेतली नाही म्हणून. अपक्षांचं पीक १९९५ लाच एवढं का आलं आणि पुढे का करपलं, याला नियमांची कारणं आहेत.

अनामत रक्कम. तेव्हा विधानसभेला सर्वसाधारण उमेदवाराला २५० रुपये. १९९६ च्या दुरुस्तीने ती ५,००० झाली, पुढे १०,०००. सूचक (उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) एक पुरत असे. १९९६ नंतर मान्यताप्राप्त पक्षाचा नसेल तर दहा सूचक लागतात. अर्ज मागे घेण्याच्या दिवसापासून मतदानापर्यंत किमान २० दिवस मिळत, ते १४ झाले. परिणाम : १९९५ ला राज्यात चार हजारांवर उमेदवार होते, त्यात तीन हजारांहून जास्त अपक्ष. १९९९ ला एकूण उमेदवारच दोन हजारांच्या आसपास. मात्र इथे घाई करू नका. २५० वरून ५,००० झाल्याने हौशे-गवशे गळाले. कारखान्याचा अध्यक्ष पाच हजारांसाठी थांबत नाही. १९९९ ला ४५ चे १२ अपक्ष झाले ते वेगळ्या कारणाने : राष्ट्रवादी काँग्रेस निघाली आणि एका तालुक्यात दोन काँग्रेसी तिकिटं उपलब्ध झाली. बंडखोराला पक्ष मिळाला.

पक्षांतरबंदी. दहाव्या अनुसूचीनुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर एखाद्या पक्षात गेला तर अपात्र ठरतो. पण सरकारला पाठिंबा देणं, इतकंच काय, मंत्री होणं याला आडकाठी नाही. म्हणून १९९५ च्या अपक्षांनी कागदावर अपक्षच राहून मंत्रिपदं घेतली. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील, काटोलचे अनिल देशमुख ही ठळक नावं. आणि मंत्र्यांच्या संख्येवर तेव्हा मर्यादा नव्हती. सभागृहाच्या १५ टक्क्यांची अट आली ती ९१व्या घटनादुरुस्तीने, २००३-०४ ला. १३८ वर अडकलेल्या युतीला १४५ गाठायला फक्त ७ हवे होते, पण ७ वर सरकार चालत नाही. कुणी एक रुसला की धाप लागते. मुबलक अपक्ष गोळा करायला मंत्रिपदं मुबलक हवीत, आणि ती देता येत होती. आजच्या नियमात २८८ च्या सभागृहाला मुख्यमंत्री धरून ४३ च मंत्री.

हेच दोघे १९९९ नंतर काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारातही मंत्री होते. हर्षवर्धन पाटील तेव्हाही अपक्षच, देशमुख राष्ट्रवादीत. 'सत्ता गेली' म्हणताना कुणाची गेली हे एकदा तपासून घ्या.

---

हिशेबनीस

पोटनियम यांच्या १९९९ च्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो, कारण धाग्याचं कोडं तिथे उलटं उभं राहतं.

१९९९ ला युतीची मतं ३१.८७ टक्के. १९९५ पेक्षा जास्त! जागा १३८ वरून १२५. सरकार गेलं. काँग्रेस २७.२ टक्के, ७५ जागा. राष्ट्रवादी २२.६ टक्के, ५८ जागा. दोघांची मिळून पन्नास टक्क्यांना टेकलेली, तरी जागा १३३ च, कारण बहुतेक ठिकाणी एकमेकांविरुद्ध लढले. निकालानंतर एकत्र बसले आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री.

जमलं तर मधल्या दोन लोकसभाही टिपणात घ्या. १९९६ ला ४८ पैकी युती ३३, काँग्रेस १५. १९९८ ला काँग्रेस ३३, रिपब्लिकन ४, सेना ६, भाजप ४, शेकाप १. दोन वर्षांत पारडं पूर्ण फिरलं. प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे रिपब्लिकन खासदार काँग्रेसशी समझोता करून आले. मतं एका जागी बांधली की काय होतं याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मिळणार नाही.

---

जुनी_वही

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. १९७८ की १९९५?

आधी क्रम लावा. १९६२ ला काँग्रेस २६४ पैकी २१५. १९६७ ला २७० पैकी २०३. १९७२ ला २७० पैकी २२२. मग आणीबाणी, काँग्रेस फुटली, आणि फेब्रुवारी १९७८ ला जनता पक्ष ९९, काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. दोन्ही काँग्रेस एकत्र येऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. चार महिने जेमतेम. १८ जुलै १९७८ ला पवारांनी बाहेर पडून जनता पक्ष, शेकाप वगैरेंसोबत पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार केलं. १७ फेब्रुवारी १९८० ला केंद्राने ते बरखास्त केलं. त्या वर्षी इंदिरा काँग्रेस १८६.

'१९७८ ला सत्ता गेली' म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की जनता पक्ष आणि शेकाप प्रथमच मंत्रालयात बसले. बरोबर. पण मुख्यमंत्री काँग्रेसी परंपरेतला होता, आणि मतदारांनी ते सरकार निवडलं नव्हतं. निकालानंतर पाच महिन्यांनी आमदार सरकल्याने ते झालं. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, म्हणून सरकता आलं. १९७८ ला दोन्ही काँग्रेसची मिळून मतं ४३ टक्क्यांच्या वर होती. घर फुटलं होतं, पडलं नव्हतं.

१९९५ चं वेगळेपण एवढंच की १४ मार्चला शिवाजी पार्कवर शपथ घेणारे मनोहर जोशी काँग्रेसच्या कुठल्याच शाखेतून त्या खुर्चीपर्यंत आलेले नव्हते. राज्य झाल्यापासून असं पहिल्यांदाच. माझ्या मते उत्तर १९९५. पण तारीख सांगायचीच तर मी '१९९५ आणि १९९९ यांच्यामध्ये' म्हणेन, कारण १९९५ ला सरकार गेलं आणि १० जून १९९९ ला राष्ट्रवादी स्थापन झाल्यावर स्वबळावर सरकार आणण्याची ऐपत गेली. त्यानंतर काँग्रेसचा मुख्यमंत्री झाला तो दुसऱ्याच्या टेकूवर.

आणखी एक, टक्क्यांची उतरंड : १९८० ला ४४.५, १९८५ ला ४३.४, १९९० ला ३८.२, १९९५ ला ३१. १९९० लाच काँग्रेसला बहुमत नव्हतं, १४१ म्हणजे चार कमी, अपक्षांना धरून सरकार बनलं. मंडळात हे आवर्जून सांगा. १९९५ ची बातमी १९९० च्या निकालात छापून आली होती, पण सरकार टिकल्यामुळे कुणी वाचली नाही.

आकडे बेरजेला घेताना नावं जपा. आयोगाच्या अहवालात १९७८ ला 'काँग्रेस' आणि 'काँग्रेस आय' वेगळे, १९८० ला 'काँग्रेस आय' (इंदिरा) आणि 'काँग्रेस यू' (अर्स) वेगळे, १९८५ ला समाजवादी काँग्रेस (५४ जागा, पवारांची) वेगळी. १९८६ अखेर ती मूळ काँग्रेसमध्ये विलीन झाली. 'काँग्रेस' एवढंच शोधून आलेख काढलात तर १९८० ला पक्ष नाहीसा झालेला दिसेल!

---

तिसरी_घंटा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता अपक्षांच्या २३.६३ टक्क्यांचा दुसरा प्रश्न तेवढा उरला. मतदारसंघवार तक्ता करायला घेतो आहे. २८८ ओळी. प्रत्येक ओळीत काय काय नोंदवू? आणि 'बंडखोर नसता तर काँग्रेस जिंकली असती' असं कोणत्या जागांबाबत म्हणता येईल?

---

हिशेबनीस

२८८ नको. आधी गाळणी लावा.

ज्या जागा काँग्रेसने जिंकल्या त्या काढा, ८० गेल्या. उरलेल्या २०८ पैकी ज्यात काँग्रेस दुसऱ्या क्रमांकावर आहे त्याच ठेवा. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या वेगळ्या कागदावर, त्यांचा विचार नंतर. मग प्रत्येकात : विजयी उमेदवार व पक्ष, काँग्रेसची मतं, फरक, आणि सर्वांत मोठ्या अपक्षाची मतं. सगळ्या अपक्षांची बेरीज करू नका. पंधरा अपक्षांत तेरा जण शे-दोनशेवाले असतात, त्यांचा बंडखोरीशी संबंध नसतो.

मोठ्या अपक्षाची मतं फरकापेक्षा कमी असतील तर ती जागा सोडून द्या. जास्त असतील तर पुढचा प्रश्न विचारा, आणि नेमकं इथेच सगळे चुकतात. बंडखोराची सगळी मतं काँग्रेसकडे परतली असती असं धरतात. तसं होत नाही. काही युतीकडे गेली असती, काही घरीच बसली असती. माझ्या वरच्या काल्पनिक मतदारसंघात फरक ७,०००, बंडखोर २९,०००. समजा ६० टक्के काँग्रेसकडे आणि २५ टक्के युतीकडे वळले. काँग्रेस ५५,४००, युती ५२,२५०. जागा फिरली. पण बंडखोर १२,००० चाच असता तर? ७,२०० इकडे, ३,००० तिकडे. काँग्रेस ४५,२००, युती ४८,०००. फिरली नाही, आणि बंडखोराची मतं तर फरकापेक्षा कितीतरी जास्त होती.

म्हणून सूत्र असं : फरक भागिले बंडखोराची मतं. उत्तर पाव किंवा त्याहून कमी आलं तर 'बंडखोरीने घालवली' असं बिनधास्त लिहा. पाव ते निम्मं आलं तर 'शक्यता'. निम्म्याच्या वर असेल तर गप्प बसा.

---

गटऑफिस

आणि 'अपक्ष' या एका शब्दाखाली चार प्रकारची माणसं आहेत : काँग्रेसचा बंडखोर, युतीचा बंडखोर (जागावाटपात सेनेला गेलेल्या जागेवर भाजपवाला किंवा उलट), समाजाचा उमेदवार, आणि पूर्वापार स्वतंत्र. आयोगाचा अहवाल हे सांगत नाही. त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी १९९५ ची जिल्हा आवृत्त्यांची वर्तमानपत्रं लागतात. अर्ज मागे घेण्याच्या दिवसानंतरचे दोन-तीन अंक पुरेसे, त्यात 'लढतीचं चित्र' छापलेलं असतं. जिल्हा ग्रंथालयात किंवा नगर वाचनालयात बांधीव संच मिळतात. नावापुढे 'कारखान्याचे अध्यक्ष', 'माजी जिल्हा परिषद अध्यक्ष', 'बँकेचे संचालक' असं दिसलं की बहुतेक पहिला प्रकार.

अपक्ष स्वतः जिंकला आणि काँग्रेस दुसरी आली, अशा जागांचा रकाना वेगळा करा. तिथे मतांची फाटाफूट नाही, तिथे मतदाराने दोन काँग्रेसींतला एक निवडला. त्या जागा युतीच्या खात्यात धरल्या की सगळं टिपण वाकडं होतं.

---

जुनी_वही

शेवटची सूचना. मतदारसंघाच्या नावावर विसंबून १९९५ ची आजशी तुलना करू नका. तेव्हाच्या हद्दी सत्तरच्या दशकातल्या, १९७१ च्या जनगणनेवरच्या, आणि २००४ पर्यंत त्याच चालल्या. २००९ पासून फेररचना. तेच नाव, गावं वेगळी. राखीव जागाही बदलल्या : तेव्हा अनुसूचित जातींना १८ आणि जमातींना २२, आता २९ आणि २५. १९७८ ते २००४ या सात निवडणुका मात्र एकाच हद्दीतल्या आहेत, त्या एकमेकींशी खुशाल लावा. वेळ कमी असेल तर सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि नगर एवढे सहाच जिल्हे आधी करा. गटऑफिस म्हणतात ती यंत्रणा तिथेच सर्वांत दाट आहे. मराठवाड्यातला एखादा जिल्हा ताळा म्हणून शेजारी ठेवा.

---

खवचट_काका

आणि त्या सहा जिल्ह्यांवरून निष्कर्ष काढून वर 'महाराष्ट्र' असं शीर्षक देऊ नका, एवढं बघा. :)